हरकतीच्या आधी : मोहल्ला, नकाशा आणि नागरिक

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. सरकारने त्यासाठी खास प्लेग समिती नेमली. गोरे सोजीर घराघरांत शिरले, माजघरे तपासली, सामान बाहेर काढून जाळले, माणसांना विलगीकरणाच्या छावणीत नेले. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढचा इतिहास आपण शाळेत शिकलो. या इतिहासाची राजकीय बाजू आपल्याला तोंडपाठ असते. त्यातली नागरी बाजू मात्र फारशी कुणी पाहत नाही. वस्तीत रोग आहे, घाण आहे, दाटी आहे, हे सरकारचे निदान चुकीचे नव्हते. त्या वस्तीत राहणाऱ्याला मात्र या निदानात कुठेच जागा नव्हती. तो रोगाचा वाहक होता, अडथळा होता, फार तर तक्रारदार होता.

यानंतर सुमारे वीस वर्षांनी त्याच रोगाशी दुसऱ्या एका मराठी राजवटीच्या शहरात वेगळ्या पद्धतीने सामना झाला. होळकरांच्या इंदुरात तिसरे तुकोजीराव गादीवर होते. त्यांच्या दरबाराने शहराचा आराखडा करण्यासाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश अभ्यासकाला बोलावले होते. गेडिस मूळचा जीवशास्त्राचा माणूस. १९१४ मध्ये तो नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात आला आणि पुढची अनेक वर्षे इथली शहरे पायी हिंडून त्यांचे अहवाल लिहीत राहिला. इंदूरचा त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

इंदुरातल्या दिवाळीची एक हकीकत गेडिसने पुढे स्वतः सांगितली. प्लेगला आळा घालायचा तर वस्त्या स्वच्छ व्हायला हव्यात, आणि लोक नकाशा घेऊन हिंडणाऱ्या या परदेशी माणसाकडे संशयाने पाहत होते. त्याने महाराजांकडून एका दिवसाची सत्ता मागून घेतली आणि जाहीर केले, की यंदाची दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. जे मोहल्ले घरे दुरुस्त करतील, रंगवतील, झाडलोट करतील, त्यांच्यातून ती जाईल. कचरा फुकट उचलून नेण्याची सोय झाली. लोक कामाला लागले. मिरवणुकीत हत्ती होते, तसाच प्लेगचा भलामोठा उंदीरही होता. फुलांचे हार घातलेले, स्वच्छ कपड्यांतले सफाई कामगार मानाने चालत होते. शेवटी तुळशीची रोपे वाटली गेली. साथ त्यामुळेच ओसरली, हा गेडिसचा दावा त्याच्याच तोंडचा आहे, म्हणून तो जपूनच घ्यावा. पण त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. मिरवणुकीची वाट कोणती, हे ठरवण्याचा अधिकार त्याने लोकांच्या हातात दिला, आणि तोही मिरवणूक निघण्याआधी.

आपल्या शहरांतला लोकसहभाग गेली शंभर वर्षे या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फरकाशी झगडतो आहे. वस्तीतल्या माणसाला विचारायचे, यावर आज कुणाचेच दुमत नाही. त्याला केव्हा विचारायचे, यावर सगळे अवलंबून असते.

मोजणी आणि मोहल्ला

मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा. हिंदुस्थानातला हा या प्रकारचा पहिला कायदा. त्याचे मुख्य साधन होते नगररचना योजना. वेड्यावाकड्या शेतजमिनी एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेल्या जमिनीचे आखीव भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे. वांद्रे, सांताक्रूझ, पुण्याचे भांबुर्डे म्हणजे आजचे शिवाजीनगर, ही या योजनांची अपत्ये. मुंबईच्या उपनगरांत ‘टीपीएस रोड’ अशी नावे अजून सापडतात. या पद्धतीत प्रत्येक मालकाला नोटीस जाई आणि त्याचे म्हणणे ऐकले जाई. म्हणजे सहभाग होता, पण तो सात-बारावर नाव असलेल्याचा. भाडेकरू, कूळ, रस्त्यावर विक्री करणारा, विहिरीवर पाणी भरणारी बाई यांची त्या योजनेत नोंद नव्हती.

गेडिसचा आग्रह वेगळा होता. आधी मोहल्ला पायी हिंडून समजून घ्या, कोणती गल्ली कुठे मिळते, कोणता चौक कशासाठी वापरला जातो ते टिपा आणि मगच पेन्सिल उचला, असे तो सांगे. रुंद सरळ रस्ता काढण्यासाठी आळ्याच्या आळ्या पाडण्याला त्याचा विरोध होता. दोन-चार पडकी घरे काढून मोकळी जागा करा, तिथे झाड लावा, असा त्याचा उपाय असे. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा तो त्याचा पहिला प्राध्यापक झाला. पुढे त्याच विभागाची धुरा मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सांभाळली. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी शहराची कुटुंबनिहाय सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि ती १९४५ व १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. शहर आधी समजून घ्यायचे, ही परंपरा आपल्याकडे नव्हती असे म्हणता येणार नाही. विद्यापीठात ती रुजली. नगररचना खात्याच्या टेबलापर्यंत मात्र क्वचितच पोहोचली.

कायद्यातली दोन दारे

आज महाराष्ट्रातल्या शहरांचे भवितव्य ठरते ते महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने. विकास आराखडा हा शब्द सर्वांच्या कानावर असतो, पण तो तयार कसा होतो हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून त्याची वाट थोडक्यात पाहू.

महापालिका प्रथम आराखडा करण्याचा इरादा ठरावाने जाहीर करते. मग शहराची पाहणी होऊन विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार होतो. कोणत्या जागेवर आज शाळा आहे, कुठे गोठा, कुठे झोपडपट्टी, कुठे ओढा, हे त्यात दिसते. त्यानंतर वीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येचा अंदाज बांधून रस्ते आखले जातात आणि बागा, दवाखाने, मंडया, शाळा यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या जातात. यालाच आपण आरक्षण म्हणतो. असा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि लोकांना हरकती-सूचना देण्यासाठी एक-दोन महिन्यांची मुदत मिळते. नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. तिचा अहवाल घेऊन आराखडा राज्य सरकारकडे जातो. सरकार तो मंजूर करते, बदलते किंवा काही भाग बाजूला काढून पुन्हा हरकती मागवते.

या वाटेवर नागरिकासाठी दोन दारे आहेत. दुसरे दार, म्हणजे प्रारूपावरच्या हरकती, सर्वांना माहीत असते. पहिले दार बहुतेकांच्या नजरेतून सुटते. इरादा जाहीर करतानाच लोकांकडून सूचना मागवण्याची तरतूद कायद्यात आहे आणि त्यासाठी किमान साठ दिवसांचा अवधी आहे. त्या वेळी नकाशावर शहराची केवळ हद्द असते. एकही रेषा आखलेली नसते. साहजिकच कुणाचे काही जाताना दिसत नाही, म्हणून कुणी पुढे येत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची जाहिरात येते आणि जाते. मग काही वर्षांनी प्रारूप प्रसिद्ध होते, आपल्या सोसायटीच्या भिंतीवरून चोवीस मीटरचा रस्ता गेलेला दिसतो आणि सगळे शहर जागे होते.

दुसऱ्या दाराशी होणाऱ्या गर्दीचे स्वरूप त्यामुळे ठरूनच जाते. तिथे येणारा माणूस स्वतःचे घर वाचवायला आलेला असतो, आणि त्यात गैर काहीच नाही. पण रेषा शेजारच्या आळीवर सरकली की त्याचा प्रश्न सुटतो आणि शेजारच्याचा सुरू होतो. शेजारी शेजाऱ्याच्या विरुद्ध उभा राहतो. वस्तीने एकत्र बसून ‘आपल्याला बाग कुठे हवी, बाजार कुठे बसावा, पावसाचे पाणी कुठून जाते’ हे बोलण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते.

सत्त्याऐंशी हजार हरकती

पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा या गोष्टीचे सर्वांत बोलके उदाहरण. आधीचा आराखडा १९८७ चा. नवा २००७ ते २०२७ या काळासाठी. त्याचे प्रारूप लोकांपुढे आले ते २०१३ च्या वसंतात, म्हणजे वीसपैकी सहा वर्षे सरल्यावर. त्यावर सुमारे ८७,००० हरकती आणि सूचना आल्या. त्या वाचायच्या, गट पाडायचे, सुनावण्या घ्यायच्या, यात आणखी काळ गेला. मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तिघांची समिती नेमली. अखेर जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी आली. आराखड्याची निम्मी मुदत तेव्हा संपत आली होती.

८७,००० हा आकडा लोकशाहीच्या जोमाची खूण म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेही. पण जरा हिशेब करून पाहू. एका हरकतीला पाच मिनिटे दिली, तरी ७,२५० तास होतात. रोज आठ तास बसले तर नऊशेहून अधिक दिवस. म्हणून सुनावणीत एकसारख्या हरकती एकत्र बांधल्या जातात आणि शेकडो माणसांना मिळून काही मिनिटे मिळतात. ऐकणारा आणि ऐकवणारा, दोघेही प्रामाणिक असले तरी या गणितापुढे हतबल ठरतात.

मुंबईचा अनुभव याला पूरक आहे. २०३४ पर्यंतच्या आराखड्यासाठी महापालिकेने विद्यमान जमीनवापराचे नकाशे आधीच लोकांपुढे ठेवले. ही चांगली सुरुवात होती. वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांनी आणि रहिवाशांनी ते तपासून चुका दाखवल्या. कोळीवाडे आणि गावठाणे यांच्या हद्दींचा प्रश्न त्यातूनच ठळक झाला. तरीही फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात इतक्या चुका निघाल्या, की एप्रिलमध्ये ते मागे घ्यावे लागले. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. नकाशा नुसता भिंतीवर लावणे पुरेसे नसते, हा त्यातला धडा. दाखवलेली चूक दुरुस्त झाली की नाही, याचे उत्तर रहिवाशाला मिळण्याची सोय लागते.

गोव्यात हीच गोष्ट अधिक उग्रपणे घडली. २०११ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा २००६ मध्ये अधिसूचित झाला आणि डोंगर, शेते, बागायती यांच्या मोठ्या भागांचे वसाहतीत रूपांतर होणार असल्याचे लोकांच्या लक्षात आले. ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले, डिसेंबरमध्ये पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली आणि २००७ च्या आरंभी सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतरचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त मोलाचा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचा समावेश असलेल्या कृतिदलाने २०२१ पर्यंतच्या आराखड्यासाठी गावोगावचे नकाशे पंचायतींकडे पाठवले आणि गावकऱ्यांकडून त्यात भर मागितली. नकाशावर न दिसणारे झरे, पाण्याच्या वाटा, खाजनातले बांध, देवराया यांची माहिती गावांकडे होती. काही गावांनी महिनोन्‌महिने बसून स्वतःचे नकाशे तयार केले. हा आराखडाही पुढे वादात अडकला आणि २०१२ मध्ये स्थगित ठेवला गेला. म्हणजे आधी विचारले की सगळे सुरळीत होते, असे मुळीच नाही. पण आपल्या गावाचा नकाशा एकदा हाताने काढलेली माणसे पुन्हा नकाशापुढे निरक्षर राहत नाहीत.

दोन लाखांची ‘प्रभाग’ समिती

गावाला ग्रामसभा आहे, शहराला काय आहे, असा प्रश्न इथे येतो. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेला स्थान दिले. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याचा रिवाज महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. तिथे कोरम भरत नाही, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात, बाया मागे बसतात, हे सगळे खरे. पण मतदार म्हणून तिथे बसण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने हा हक्क किती दूर नेता येतो ते दाखवले. तिथे ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी अभ्यासगट बसतो. ज्यांना त्या विषयाची गोडी आहे ते बाहेरच्या जाणकारांना बोलावतात, प्रश्न विचारतात, कायदा वाचतात. अभ्यासगट निर्णय घेत नाही, तो ग्रामसभेला शहाणे करतो. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा-लेखा होते, ते या सवयीच्या जोरावर.

शहरांसाठी ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे तिने सांगितले. बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवायच्या अठरा विषयांत पहिलाच विषय नगररचना हा आहे. महाराष्ट्राने प्रभाग समित्या केल्या, पण कशा? पुण्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३१ लाख. समित्या पंधरा. म्हणजे एका समितीमागे दोन लाख माणसे. तिचे सदस्य त्या भागातले नगरसेवक, आणि त्यांनी नेमलेले स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी. शेजार या शब्दाचा या रचनेशी काही संबंध उरत नाही. २०१७ च्या निवडणुकीत पुण्यात ४१ प्रभागांतून १६२ नगरसेवक निवडून आले. बहुतेक प्रभाग चौघांचे. सरासरी ७५,००० लोकांमागे चार प्रतिनिधी. गटार तुंबले तर चौघांपैकी कुणाकडे जायचे, हा प्रश्न पुणेकरांना विनोदाचा वाटत नाही.

ही पोकळी सरकारच्या लक्षात आली नव्हती असेही नाही. केंद्राच्या नागरी नवनिर्माण योजनेतून निधी हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट होती. त्याप्रमाणे महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांचे मतदार मिळून एक क्षेत्रसभा, तिने कामांचा क्रम सुचवावा, नगरसेवकाने ती बोलवावी, अशी कल्पना. म्हणजे शहरातली ग्रामसभाच. कायदा झाला, निधीची अट पुरी झाली आणि क्षेत्रसभा पुस्तकात राहिली. मोठ्या शहरांत नियमाने भरणारी क्षेत्रसभा अजून प्रत्यक्षात आलेली नाही. तिने नगरसेवकाचे वजन कमी होईल, अशी भीती सर्व पक्षांत सारखीच होती. पुढे तर नगरसेवकच राहिले नाहीत. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकाचा कारभार होता. वस्ती आणि पालिका यांच्यात एकच पूल ठेवला, तो पाडला गेला की काय होते, हे त्या वर्षांनी दाखवले.

पाच लाखांचे बाक

या चित्रात पुण्याचा एक प्रयोग वेगळा उठून दिसतो. २००६-०७ पासून महापालिकेने अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घ्यायला सुरुवात केली. ही कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहराची. तिथे १९८९ पासून शहराचे सोळा विभाग करून सभा भरत, लोक प्राधान्यक्रम ठरवत आणि प्रतिनिधी निवडत. पुण्यात सभेची जागा अर्जाने घेतली. पावसाळा सरताना साधारण महिनाभर क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतले जातात. पदपथ, दिवे, बसथांब्याचे छप्पर, ज्येष्ठांसाठी बाक, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, अशी पाच लाखांच्या आतली कामे सुचवता येतात. कार्यालय खर्चाचा अंदाज काढते, प्रभाग समितीपुढे यादी जाते आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ती येते.

इतकी वर्षे हा उपक्रम टिकला, हेच मोठे. पण त्याच्या मर्यादा त्याच्या रचनेत आहेत. एकूण अंदाजपत्रकाच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ असते. अर्जाची तारीख ज्यांना कळते ते सोसायट्यांतले, वर्तमानपत्र वाचणारे, निवृत्तीनंतर सवड असलेले लोक. ज्या वस्तीत पदपथच नाही तिथून पदपथाचा अर्ज येत नाही. आणि अर्ज हा एकट्याने भरायचा असतो. मला बाक हवा, तुम्हाला दिवा हवा, तिसऱ्याला गतिरोधक हवा. तिघांनी एकत्र बसून ‘आधी काय’ हे ठरवले, तर बाकाची मागणी करणाराच कदाचित म्हणेल, की आधी दिवा लावा, बायका रात्री इथून येतात. सभेत माणसाचे मत बदलू शकते, अर्जात ते बदलत नाही. नगरसेवकाच्या ‘स’ यादीशेजारी नागरिकांची ही यादी उभी राहिली खरी, पण ती मागण्यांची बेरीज राहिली. वस्तीचा विचार व्हायचा तर मधे बैठक हवी.

आरक्षण हरवते कसे

आराखडा मंजूर झाला की नागरिकाचे काम संपले, असा समज असतो. खरे तर तिथून पुढची वीस वर्षे जास्त जोखमीची. एका उदाहरणाने हे समजून घेऊ. तुमच्या घराजवळचा एक भूखंड आराखड्यात बाग म्हणून राखलेला आहे. जमीन खासगी मालकाची आहे. आराखडा लागू होऊन दहा वर्षे झाली, तरी महापालिकेने ती संपादन केली नाही. अशा वेळी नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार मालक महापालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीपासून ठरलेल्या मुदतीत, सध्या ती चोवीस महिन्यांची आहे, जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. बाग नकाशातून नाहीशी होते आणि शेजारच्या जमिनीला जे करता येते ते तिलाही करता येते.

मालकाच्या बाजूने पाहिले तर ही तरतूद न्याय्य आहे. जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवायची आणि पैसेही द्यायचे नाहीत, हे कुणालाही मान्य होऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या ‘गिरनार ट्रेडर्स’ निकालात स्पष्ट केले, की महापालिकेने नुसता ठराव करणे किंवा पत्र पाठवणे म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे. त्यामागचा धाक योग्यच होता. पण या सगळ्या व्यवहारात तिसरा पक्ष कुठे आहे? नोटीस मालक देतो, ती महापालिकेला मिळते. ज्या मुलांनी त्या बागेत खेळायचे होते त्यांच्या आईबापांना यातले काहीही कळवण्याची सक्ती कायद्यात नाही. चोवीस महिन्यांची घड्याळाची टिकटिक एखाद्या फाइलमध्ये चालू असते. टोलेजंग इमारतीचे पत्रे लागतात तेव्हा वस्तीला कळते, की इथे बाग होणार होती.

याच ठिकाणी सजग शेजाऱ्यांचा एक लहान गट बरेच काही करू शकतो. मंजूर आराखड्यातला आपल्या भागाचा तुकडा मिळवायचा, त्यातल्या आरक्षणांची यादी करायची, प्रत्येक जागेवर आज काय आहे ते जाऊन पाहायचे. आराखडा कोणत्या तारखेला लागू झाला आणि दहा वर्षे कधी पुरी होतात, हे कागदावर लिहायचे. माहितीचा अधिकार, २००५ वापरून दर सहा महिन्यांनी एकच प्रश्न विचारायचा : आमच्या भागातल्या कोणत्या आरक्षणांवर कलम १२७ च्या नोटिसा आल्या आहेत? उत्तर ‘होय’ आले, तर अंदाजपत्रकात संपादनाची तरतूद व्हावी म्हणून नगरसेवकाकडे आणि आयुक्तांकडे जायला अजून वेळ असतो. याच कायद्याचे कलम ४ सांगते, की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना आणि निर्णय जाहीर करताना त्यांमागची संबंधित तथ्ये सरकारी यंत्रणेने आपणहून प्रसिद्ध केली पाहिजेत. ते कलम अर्जात लिहिले तर उत्तर देणाऱ्याची भाषा बदलते, हा अनेकांचा अनुभव आहे.

शेजार म्हणजे कोण

लोकसहभागाचे गोडवे गाताना एक अवघड प्रश्न टाळून चालत नाही. शेजार म्हणजे नेमके कोण? रविवारच्या बैठकीला येणारे वीस-पंचवीस जण? फेरीवाले हटवा, ही मागणी करणाराही शेजारीच आणि त्याच फेरीवाल्याकडून भाजी घेणारी मोलकरीणही त्याच वस्तीत वावरणारी. भाडेकरू विद्यार्थी, रिक्षाथांब्यावरचा चालक, इमारतीचा पहारेकरी, रस्त्याच्या कडेला चप्पल शिवणारा, यांचा दिवस त्या चौकात जातो, पण मतदारयादीत त्यांचे नाव दुसरीकडे असते. मालकांच्या सहभागाला १९१५ पासून कायद्यात जागा आहे. वापर करणाऱ्यांच्या सहभागाला अजून नाही. स्वच्छ, शांत, सुरक्षित वस्तीची इच्छा पाहता पाहता नकोशा माणसांच्या यादीत बदलू शकते. ज्या बैठकीत सगळ्यांचे पटकन एकमत होते, तिथे कुणाला बोलावलेच नव्हते हे तपासून पाहावे.

यावर उपाय जुनाच आहे, पायी हिंडण्याचा. बैठक बोलावण्याआधी वस्तीतून सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री नऊला एकेक फेरी मारली, कोण कुठे बसते, कुठून चालते, पाणी कुठे भरते हे टिपले, तर बैठकीला कुणाला बोलवायचे हे आपोआप कळते. हा कागद पुढे जमीनवापराच्या सरकारी नकाशाशी ताडून पाहता येतो. सरकारी पाहणीत ‘मोकळी जागा’ म्हणून नोंदलेल्या ठिकाणी आठवडे बाजार भरत असेल, तर ती गोष्ट प्रारूप प्रसिद्ध होण्यापूर्वी लेखी देता येते. त्या वेळी तिला हरकत म्हणत नाहीत. ती माहिती असते, आणि माहिती नाकारणे अधिकाऱ्याला हरकत फेटाळण्याइतके सोपे जात नाही.

पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याची मुदत २०२७ पर्यंतची आहे. राज्यातल्या इतर अनेक शहरांचे आराखडेही आज ना उद्या फेरतपासणीला येतील. प्रत्येक ठिकाणी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर इरादा जाहीर करणारी एक नोटीस छापून येईल, सोबत फक्त हद्दीची रेषा असलेला नकाशा असेल आणि साठ दिवस मोजायला सुरुवात होईल. त्या दिवशी आपल्या वस्तीचा हाताने काढलेला एक नकाशा कुणाच्या तरी कपाटात तयार असायला हवा.